शेवटचं सत्र मंचरला होऊ द्या

प्रति,
माननीय वैद्यकीय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

माननीय महोदय,


मागणी आधी सांगते, कारणं मागून. बी.एस्सी. नर्सिंगच्या आठव्या सत्रात विद्यार्थिनी बावीस आठवडे इंटर्नशिप करतात. त्यातले सामुदायिक आरोग्य शुश्रूषेचे चार आणि प्रसूती शुश्रूषेचे चार असे आठ आठवडे पुणे जिल्ह्यातल्या विद्यार्थिनींना मंचरचं उपजिल्हा रुग्णालय, घोडेगावचं ग्रामीण रुग्णालय आणि आंबेगाव-जुन्नरची प्राथमिक आरोग्य केंद्रं इथे राहून करू द्यावेत. त्यांच्याबरोबर पूर्णवेळ पाठ्यनिर्देशिका असावी आणि राहायला सुरक्षित वसतिगृह असावं. ही घडी बसली की मंचर परिसरात शासकीय नर्सिंग महाविद्यालय सुरू करावं.

मी निवृत्त पाठ्यनिर्देशिका आहे. नोकरीची वर्षं शहरातल्या रुग्णालयांत गेली, आता मंचरला राहते. बारावीचा निकाल लागला की ओळखीचे, बिनओळखीचे पालक मुलीला घेऊन घरी येतात. कुणी महाळुंगे पडवळचे, कुणी धामणीचे, कुणी थेट डिंभे धरणाच्या पलीकडचे. प्रश्न ठरलेले असतात. जीएनएम करावं की बी.एस्सी.? सीईटी अवघड असते का? नोकरी लागेल का? मी समजावून सांगते, की जीएनएम तीन वर्षांचं, त्याला बारावीची कोणतीही शाखा चालते, बी.एस्सी. चार वर्षांची पदवी, तिला भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि इंग्रजी घेऊन बारावी लागते आणि २०२३ पासून राज्याची स्वतंत्र सीईटी द्यावी लागते. मग कुणीतरी हळूच एका क्लासचं पत्रक पुढे करतं. दहावीनंतर एक वर्षाचा 'नर्सिंग कोर्स', नोकरीची हमी. त्या कोर्सची महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी नाही आणि तो करून कुणी परिचारिका होत नाही, हे सांगताना मला दरवेळी वाईट वाटतं, कारण त्या घराने बहुधा निम्मे पैसे भरलेले असतात. तालुक्याच्या प्रत्येक कनिष्ठ महाविद्यालयात आणि आश्रमशाळेत मान्यताप्राप्त नर्सिंग संस्थांची यादी मराठीत लावायची, एवढं काम तर आपल्या खात्याला एका परिपत्रकाने करता येईल.

पण पत्र लिहायला बसले ते पदवीच्या शिक्षणाबद्दल. ते कसं चालतं हे बाहेर फारसं माहीत नसतं, म्हणून थोडं सांगते. भारतीय परिचर्या परिषदेने २०२१ मध्ये नवा अभ्यासक्रम लागू केला आणि पदवी आठ सत्रांची झाली. पहिल्या सत्रात शरीररचना, शरीरक्रिया, समाजशास्त्र, मानसशास्त्र आणि परिचर्येची मूलतत्त्वं. पुढे जीवरसायन, आहार, सूक्ष्मजीव, औषधशास्त्र, विकृतिशास्त्र. तिसऱ्या सत्रापासून प्रौढांची शुश्रूषा, पाचव्यापासून बालके, मनोरुग्ण आणि समुदाय, सहाव्यात प्रसूती. सातव्यात संशोधन आणि संख्याशास्त्र. आठवं सत्र म्हणजे निव्वळ काम, आठवड्याला अठ्ठेचाळीस तास. कागदावर हा अभ्यासक्रम उत्तम आहे, हे मी शिक्षिका म्हणून मनापासून सांगते. सगळा प्रश्न तो कुठल्या खाटेशेजारी शिकवला जातो, याचा आहे.

आज तो मुख्यतः शहरातल्या खाटेशेजारी शिकवला जातो. शहरातल्या मोठ्या रुग्णालयात विद्यार्थिनीला खूप काही बघायला मिळतं, पण पेशंट तिच्यापर्यंत येतो तेव्हा त्याची पहिली लढाई होऊन गेलेली असते. कुणीतरी आधीच सलाईन लावलेलं असतं, निदानाचा कागद सोबत असतो. ग्रामीण रुग्णालयात मात्र तो थेट शेतातून येतो, आणि त्याला काय झालंय हे अजून कुणालाच ठाऊक नसतं. त्याच्याजवळ सर्वांत आधी परिचारिका पोचते.

सर्पदंशाचंच घ्या. आपल्याकडे माणसाच्या जिवावर उठणारे साप मुख्यतः चार: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं. मण्यार साप रात्री चावतो, बहुधा जमिनीवर झोपलेल्या माणसाला. अनेकदा दंश दुखत नाही, सुजत नाही, खूणही सापडत नाही. पहाटे पोटात कळ येते, उलटी होते, गिळताना त्रास होतो. घरच्यांना वाटतं रात्रीचं जेवण बाधलं. अशा मुलाला आई उचलून आणते तेव्हा तिच्या तोंडून 'साप' हा शब्दही निघत नाही. तिथे ड्युटीवर असलेल्या परिचारिकेला सुचलं पाहिजे: कुठे झोपला होता? खाटेवर की खाली? मग त्याला वर बघायला सांगायचं आणि पापण्या जड पडताहेत का ते पाहायचं. एका दमात कितीपर्यंत आकडे म्हणता येतात ते मोजायचं, तो आकडा वेळेसह लिहून ठेवायचा आणि थोड्या वेळाने पुन्हा मोजायचं. आकडा उतरत चालला म्हणजे श्वासाचे स्नायू दमत चालले आहेत.

घोणस चावली असेल तर गोष्ट वेगळी. तिच्या विषाने रक्त गोठेनासं होतं. कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत दोन मिलिलिटर रक्त घ्यायचं, वीस मिनिटं न हलवता ठेवायचं आणि मग नळी तिरपी करून पाहायचं. रक्त पातळच राहिलं तर विष अंगात भिनलं आहे. यासाठी यंत्र लागत नाही, प्रयोगशाळा लागत नाही. नळी, घड्याळ आणि वीस मिनिटं नळीला हात न लावण्याची शिस्त लागते. पुढे सर्पविषरोधक औषध सुरू झालं की पेशंटजवळून हलायचं नाही. पहिल्या काही मिनिटांत अंगावर पित्त उठतं का, खाज सुटते का, खोकला येतो का, दम लागतो का, हे पाहायचं आणि अॅड्रेनालिन सिरिंजमध्ये भरून हाताशी ठेवायचं.

हे सगळं पुस्तकात आहे. परीक्षेत मुली ते बिनचूक लिहितातही. पण ज्या मुलीने चार वर्षांत सर्पदंशाचा एकही ताजा पेशंट पाहिलेला नाही, तिची पहिली नेमणूक पावसाळ्यात एखाद्या ग्रामीण रुग्णालयात झाली तर तिचे हात थरथरणारच. नारायणगावला डॉ. सदानंद राऊत यांनी सर्पदंशाच्या उपचारांत आयुष्य घातलं, ते काही योगायोगाने नाही. या भागाची गरजच ती आहे. केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये सर्पदंशाविरुद्ध राष्ट्रीय कृती आराखडा आणला आणि २०३० पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणायचं ठरवलं. ते ग्रामीण रुग्णालयांतल्या परिचारिकांच्या हातून होणार आहे. त्या घडतात कुठे, हा प्रश्न आपल्या खात्याचा आहे.

सापाइतकाच मोठा विषय फवारणीच्या औषधाचा. कांदा, बटाटा, टोमॅटो, द्राक्षं यांचा हा पट्टा. इथे प्रत्येक घराच्या कोपऱ्यात कीटकनाशकाची बाटली असते. कुणी फवारताना चक्कर येऊन पडतं, कुणी रागाच्या किंवा निराशेच्या भरात तेच पितं. नातेवाईक खाली मान घालून एवढंच म्हणतात, 'औषध घेतलंय.' तोंडातून लाळ, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, छातीत घरघर. अंगावरचे कपडे आधी काढायचे, कातडी साबणाने धुवायची आणि हे करताना स्वतःच्या हातात मोजे घालायचे. अॅट्रोपिन चालू झालं की तासातासाला नाडी, बाहुल्या आणि छातीचा आवाज टिपायचा. दोन-तीन दिवसांनी पेशंट शुद्धीवर येतो आणि मग खरी नाजूक शुश्रूषा सुरू होते. तो कुणाकडे बघत नाही. आई रडत असते, बाप चिडलेला असतो, पोलिसांचा जबाब व्हायचा असतो. मानसिक आरोग्य शुश्रूषेच्या वर्गात आम्ही संवादाची तंत्रं शिकवतो. ती तंत्रं या खाटेजवळ बसून शिकलेली मुलगी जन्मभर विसरत नाही.

आणि बिबट्या. जुन्नर, आंबेगावच्या उसात बिबटे वाढले, माणिकडोहला त्यांच्यासाठी निवारा केंद्र उभं राहिलं, त्याच्या बातम्या आपण वाचताच. रुग्णालयाच्या दृष्टीने ती प्राण्याच्या चाव्याची जखम आहे: वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुणं, रेबीजची लस, जखमेत इम्युनोग्लोब्युलिन. घाईत सगळे टाके घालायला धावतात आणि नेमकं ते पंधरा मिनिटांचं धुणं राहून जातं. ते करून घेणं हे परिचारिकेचं काम.

आता ऊसतोडीबद्दल, कारण प्रसूती शुश्रूषेचे चार आठवडे इथे द्या असं मी म्हणते ते मुख्यतः यासाठी. दिवाळीच्या सुमाराला भीमाशंकर आणि विघ्नहर कारखान्यांचे गाळप हंगाम सुरू होतात आणि मराठवाड्यातून, नगरकडून कोयत्यांच्या जोड्या येतात. शेतांच्या कडेला कोप्या उभ्या राहतात. त्या कोप्यांत सातव्या, आठव्या महिन्यातल्या गरोदर बायका असतात. माता-बाल संरक्षण कार्ड गावी राहिलेलं असतं किंवा काढलेलंच नसतं. आधीच्या तपासण्या कुठे झाल्या, रक्त किती होतं, धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलं का, काहीच हाताशी नसतं. ती बाई पहाटे मोळ्या बांधते आणि कळा सुरू झाल्यावरच रुग्णालयात येते. तिचं बाळ जन्मलं की त्याचं लसीकरण कुठल्या गावच्या नोंदीत धरायचं, हंगाम संपल्यावर पुढचा डोस कोण देणार, पाळणा लांबवण्याच्या साधनांचं काय, पाळीच्या तक्रारी ती कुणाला सांगणार? २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांवरून विधिमंडळात गदारोळ झाला आणि डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. त्या बायकांना वेळेवर भेटून, त्यांचं ऐकून घेऊन साध्या उपचारापर्यंत नेणारी एक शिकलेली परिचारिका फडावर पोचली असती, तर त्यातल्या अनेकींच्या वाट्याला ते आलं नसतं, असं मी अनुभवावरून म्हणते. सामुदायिक आरोग्याच्या पुस्तकातलं 'स्थलांतरित कुटुंब' हे प्रकरण पारगावच्या एका फडावर एका दुपारी पूर्ण शिकवता येतं.

पश्चिमेकडची बाजू आणखी वेगळी. घोडेगाव सोडलं की रस्ता डिंभ्याच्या जलाशयाला वळसे घालत आहुपे, भीमाशंकरकडे चढतो. महादेव कोळी आणि ठाकरांची गावं, वाड्या-वस्त्या, पावसाळ्यात दिवसेंदिवस न हटणारं धुकं. तळेघर आणि अडिवरे ही तिथली आरोग्य केंद्रं. अडिवऱ्याजवळच माळीण. ३० जुलै २०१४ च्या सकाळी डोंगर खाली आला आणि १५१ माणसं गेली. आपत्तीतली शुश्रूषा आम्ही वर्गात शिकवतो. ही आपत्ती ज्या मातीत घडली तिथली माणसं अजून आहेत, त्यांच्या मनावरचे व्रण आहेत, पाऊस जोराचा लागला की झोप उडणाऱ्या आया आहेत. त्यांच्या घरी बसून तासभर ऐकणं हाही शिक्षणाचा भाग आहे, आणि तो कुठल्याच शहरी रुग्णालयात मिळत नाही.

यावर एक आक्षेप येतो आणि तो मला स्वतःलाच सर्वांत जास्त छळतो. ग्रामीण रुग्णालयांत परिचारिकांची पदं रिकामी असतात. तिथे आठव्या सत्राच्या मुली पाठवल्या तर प्रशासन त्यांना त्या रिकाम्या जागांवर उभं करील आणि शिक्षण बाजूला राहील. ही भीती खरी आहे. मी माझ्या नोकरीत हे होताना पाहिलं आहे, शहरातही. सकाळच्या पाळीला अख्ख्या वॉर्डात एक परिसेविका आणि बाकी सगळ्या विद्यार्थिनी. मुली धावून धावून इंजेक्शनं देतात, सलाईन बदलतात, कागद भरतात, पण हे इंजेक्शन का, हा डोस एवढाच का, हे विचारायला शेजारी कुणी नसतं. दुपारी होस्टेलवर जाऊन त्या केअर प्लॅन लिहितात, तो बहुतेक वेळा आधीच्या तुकडीच्या वहीतून उतरवलेला असतो. लॉगबुक भरतं, सह्या होतात, पदवी मिळते.

परिचर्या परिषदेचं प्रमाण शिकवणाऱ्या रुग्णालयात तीन पेशंटमागे एक परिचारिका आणि सर्वसाधारण रुग्णालयात पाच पेशंटमागे एक असं आहे. या हिशोबात विद्यार्थिनी धरायच्या नसतात. म्हणून माझी मागणी पाठ्यनिर्देशिकेपासून सुरू होते. दहा मुलींमागे एक पाठ्यनिर्देशिका, जी त्यांच्याबरोबर त्याच वसतिगृहात राहील, त्याच पाळीत येईल, खाटेजवळ उभी राहून विचारील, 'या पेशंटची नाडी काल किती होती आणि आज का वाढली?' ती नसेल तर मुली मंचरला पाठवू नका. हे मी इतक्या स्पष्टपणे लिहिते, कारण अर्धवट अंमलबजावणीने मुलींचं नुकसान होईल आणि पेशंटचंही.

शुश्रूषा म्हणजे काय, याचा या महाराष्ट्रातला सर्वांत मोठा पुरावा मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिकांनी दिला आहे. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी त्यांच्यातल्याच एकीवर, अरुणा शानबाग यांच्यावर, रुग्णालयाच्या आवारात पाशवी हल्ला झाला. १८ मे २०१५ ला त्या गेल्या. मधली चार दशकं परिचारिकांच्या पिढ्या बदलल्या, त्यांना कधीही न भेटलेल्या नव्या मुली आल्या, आणि अंथरुणाला खिळलेल्या त्या शरीराला त्यांनी बेडसोर होऊ दिले नाहीत. २०११ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने त्यांचं मनापासून कौतुक केलं. कूस बदलणं, पाठ धुणं, कातडी कोरडी ठेवणं, घास भरवणं. डॉक्टरांच्या आदेशपुस्तिकेत यातलं फारसं काही लिहिलेलं नसतं. ही विद्या एकीकडून दुसरीकडे हातानेच जाते, आणि त्यासाठी शिकवणारा हात शेजारी लागतो. त्याच घटनेने दुसरी गोष्टही शिकवली आहे: रात्रपाळीच्या मुलीला सुरक्षित खोली, उजेडाचा रस्ता आणि पहारा मिळालाच पाहिजे. मंचरला वसतिगृह बांधायचं तर ते रुग्णालयाच्या आवारात बांधा. महामार्गापलीकडे भाड्याच्या इमारतीत नको.

पुण्याने हा धडा फार पूर्वी गिरवला होता. १९०९ मध्ये रमाबाई रानडे आणि गोपाळ कृष्ण देवधर यांनी पुण्यात सेवासदन सुरू केलं आणि विधवा, एकाकी स्त्रियांना नर्सचं शिक्षण घ्यायला ससून रुग्णालयात पाठवलं. परक्या पुरुषाच्या अंगाला हात लावणारी बाई, अशी तेव्हाची कुजबुज होती. रमाबाईंनी वाद घालण्यापेक्षा मुलींच्या राहण्याची सोय केली, वसतिगृह चालवलं, आणि घरोघरच्या आयांना विश्वास दिला. आज आंबेगावातल्या आईबापांची भीती वेगळी असली तरी त्यांना विश्वास देणारी गोष्ट तीच आहे.

पैशाचंही लिहिते. जुलै २०२४ मध्ये राज्य सरकारने आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरांतल्या इतर मागास, आर्थिक दुर्बल आणि सामाजिक-शैक्षणिक मागास प्रवर्गातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केलं. या निर्णयाने माझ्याकडे येणाऱ्या घरांत खरोखर उजेड पडला, त्याबद्दल सरकारचे आभार. पण ही माफी केंद्रीय प्रवेशप्रक्रियेतून आलेल्यांना आहे, हे पालकांना कळेपर्यंत काहींनी व्यवस्थापन कोट्यातून प्रवेश घेतलेला असतो. आणि शुल्क माफ झालं तरी खोलीचं भाडं, मेस, गणवेश, पुस्तकं आणि मंचर ते पुणे हा साठ किलोमीटरचा प्रवास उरतो. बायपास झाले तरी चाकणची कोंडी सुटलेली नाही. सकाळच्या पाळीला सातला वॉर्डात उभं राहायचं तर इथून रोज जाणं अशक्य. आदिवासी मुलींसाठी घोडेगावला प्रकल्प कार्यालय आहे, वसतिगृहाच्या आणि स्वयं योजनेच्या सवलती आहेत. निदान शेवटच्या सत्रातले आठ आठवडे या मुलींना आपल्याच मुलखात मिळाले तर खर्च वाचेल, हे खरं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे त्यांचं शिक्षण त्यांच्या माणसांच्या नजरेला पडेल. ठाकरवाडीतल्या पाचवीतल्या पोरीला पांढऱ्या गणवेशातली आपल्या बोलीत बोलणारी सिस्टर दिसणं, याची किंमत कुठल्या जाहिरातीने भरून येत नाही.

बोलीचा मुद्दा अभ्यासातही आहे. पदवी पूर्ण इंग्रजीतून आहे. मराठी माध्यमातून आलेल्या हुशार मुली पहिल्या सत्रात शरीररचनेच्या पुस्तकासमोर रडताना मी पाहिल्या आहेत. दोन-तीन महिन्यांत त्या सावरतात, पण काही त्याआधीच घरी परततात. पहिल्या सत्राच्या आधी महिनाभराचा तयारीवर्ग तालुक्याच्या ठिकाणी घेता येईल; मंचरच्या अण्णासाहेब आवटे महाविद्यालयासारख्या ठिकाणी जीवशास्त्राचे अनुभवी प्राध्यापक आहेत. याच मुली वॉर्डात मात्र इतरांच्या पुढे असतात. म्हातारी दोन बोटं छातीवर ठेवून काय सांगते आहे ते त्यांना लगेच कळतं.

हे सगळं आजवर का झालं नाही, याचं कारण कुणाचा दुष्टपणा नाही. पदवी आपल्या वैद्यकीय शिक्षण खात्याकडे, परीक्षा नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडे. मंचर आणि घोडेगावची रुग्णालयं सार्वजनिक आरोग्य खात्याकडे. तळेघर, अडिवऱ्याची केंद्रं जिल्हा परिषदेकडे. एका विद्यार्थिनीला आठ आठवड्यांत या तिन्ही उंबरठ्यांवरून जायचं आहे आणि प्रत्येक ठिकाणी परवानगीचं पत्र वेगळं, जबाबदार अधिकारी वेगळा, जेवणाची सोय कुणाचीच नाही. तिन्ही खात्यांचा एक संयुक्त शासन निर्णय आणि मंचरला बसणारी एक समन्वयक अधिसेविका, इतक्याने ही गाठ सुटते. संलग्न रुग्णालयाच्या अंतराचा नियम आड येत असेल तर निवासी पोस्टिंगसाठी परिषदेकडून सूट मागावी. रोज ये-जा करणाऱ्या मुलींसाठीचा नियम तिथेच राहणाऱ्या मुलींना लावण्यात अर्थ नाही.

शासकीय महाविद्यालयाची मागणीही मी हवेत करत नाही. मंचरपासून हाकेच्या अंतरावर अवसरी खुर्दला २००९ मध्ये शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झालं. खेड्यात अभियांत्रिकी चालेल का, असं तेव्हा म्हणणारे होते. आज राज्याच्या कानाकोपऱ्यातली मुलं तिथे शिकतात. केंद्राने २०२३ च्या अर्थसंकल्पात १५७ नवी नर्सिंग महाविद्यालयं जाहीर केली, ती नव्या वैद्यकीय महाविद्यालयांना जोडून. त्या अटीमुळे ती मोठ्या शहरांत आणि जिल्ह्याच्या ठिकाणीच होणार. राज्याने आपल्या पैशातून उपजिल्हा रुग्णालयाला जोडलेलं एक तरी महाविद्यालय उभं करून दाखवावं, आणि त्यासाठी खाटा, वसतिगृह, प्रयोगशाळा जे वाढवावं लागेल ते वाढवावं.

शेवटी नोकरीचं, कारण पालकांचा तो तिसरा प्रश्न मला नेहमी अडवतो. मे २०२२ च्या अखेरीला राज्यातल्या शासकीय रुग्णालयांतल्या परिचारिका कंत्राटी भरतीच्या विरोधात संपावर गेल्या होत्या. आज उपकेंद्रांवर समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून उभ्या असलेल्या आमच्या मुलीही कंत्राटावरच आहेत. दुसरीकडे फेब्रुवारी २०२४ मध्ये जर्मनीच्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळासाठी करार झाला, त्यात परिचारिकाही आहेत. ज्यांना जायचं आहे त्यांनी जरूर जावं, कष्टाने शिकलेल्या मुलीने चांगलं कमवावं. पण जिला घोडेगावलाच राहायचं आहे, आपल्या आईबापांजवळ, आपल्या माणसांत, तिला दर वर्षी करार वाढेल की नाही याची धास्ती घेऊन राहावं लागू नये. मंचरला शिकलेल्या मुलींना याच तालुक्यांतल्या रिकाम्या कायम पदांवर प्राधान्य द्या.

पुढचं आठवं सत्र सुरू होण्याआधी एक बैठक मंचरला घ्यावी: आपलं खातं, आरोग्य खातं, जिल्हा परिषद, विद्यापीठ आणि जिल्ह्यातल्या नर्सिंग महाविद्यालयांच्या प्राचार्या. सकाळी बैठक आणि दुपारी आपण स्वतः तळेघरपर्यंत यावं. या दोन तालुक्यांत राहणाऱ्या काही निवृत्त परिसेविका आणि पाठ्यनिर्देशिका माझ्या ओळखीच्या आहेत. कायम पदं भरेपर्यंत पहिल्या तुकडीबरोबर वॉर्डात उभं राहायला आम्ही तयार आहोत. नावं आणि अनुभवाचे दाखले आपल्या कार्यालयाने मागितल्याबरोबर पाठवीन.

आपली विश्वासू,
एक निवृत्त पाठ्यनिर्देशिका,
मंचर, ता. आंबेगाव, जि. पुणे